सिंगल बेल

८ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. आणि तुम्ही ते न वाचता फाडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते. भोचकपणात आपण दोघी सख्ख्या बहिणी आहोत.

नाकावर राग घेऊन गेलात आणि छत्री विसरलात. ती लाल, लांब दांड्याची. दाराच्या मागे लटकतेय. मी तुमच्या लेकीला म्हटलं, कुरिअर करून टाकते. ती म्हणाली, "राहू द्या आई, तेवढंच निमित्त."

भांडण परत उकरत नाही. डॉक्टरांनी आपल्या नातवाला ऑटिझम आहे म्हटलं, तुम्ही म्हणालात मुलाच्या कपाळावर शिक्का मारू नका, त्याचा मामाही पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि आता त्याला गप्प करायला माणूस लागतो. मी म्हटलं, मामाचं मामापाशी, आपण याला थेरपी सेंटरमध्ये नेऊ. तुम्ही म्हणालात, उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही जन्मभर शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेल्या, मी बसमध्ये कंडक्टर. दोघींचा आवाज असा चढला की वरच्या मजल्यावरचे लोक काय पेटलं ते बघायला खाली आले. असो.

तर कळवायचं ते हे की सेंटर सुरू झालं. आमचे चिरंजीव आणि तुमची लेक कामावर जातात, त्यामुळे साहेबांना नेणं-आणणं माझ्याकडे. (हो, मी त्याला अजून साहेबच म्हणते. साडेतीन वर्षांचा जीव, पण तिकीट चेकरसारखा न बोलता सगळं तपासत असतो.)

मला वाटलं होतं, तिथली थेरपिस्ट त्याला समोर बसवून "म्हण आई, म्हण बाबा" असं वदवून घेईल. कसलं काय! ती चक्क जमिनीवर फतकल मारून बसली. साहेबांनी गाडी उलटी करून चाक फिरवलं, तिनं दुसरी गाडी घेतली आणि तीही चाक फिरवायला लागली. बराच वेळ दोघं आपापली चाकं फिरवतायत. मी मनात म्हटलं, हे तर मी घरीही करू शकले असते. तेवढ्यात साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत. मग तिच्या चाकाकडे, मग परत तिच्याकडे. आणि हसला. विहीणबाई, तो कोणा परक्या माणसाकडे बघून हसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग तिनं साबणाचे फुगे काढले. एकदा फुंकले, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्याच्यासमोर धरून बसून राहिली. तो बघतोय, ही बघतेय. मी म्हटलं, "अगं दे की बाई त्याला!" तर ती म्हणते, "आजी, थांबा." काही क्षण गेले आणि साहेबांनी तिचा हात धरला आणि झाकणावर ठेवला. ती म्हणाली, "हे बघा आजी, हे बोलणंच आहे. शब्द याच्याच मागून येतात. कोणाचे लवकर येतात, कोणाचे उशिरा, कोणी चित्रं दाखवून बोलतं. पण बोलण्याची सुरुवात ही."

त्या तासाभरात ती मला इतक्या वेळा "थांबा" म्हणाली की मी तिचं नावच थांबा-ताई ठेवलं. "चला, पुढे सरका" म्हणत उभा जन्म काढला मी, आणि ही कालची पोर मला थांबायला शिकवतेय!

मला फार काही नको हो. त्यानं मला काहीतरी सांगावं. स्वतःहून, माझ्याकडे बघून, काहीही. "आजी, तू गप्प बस" म्हणाला तरी पेढे... नाही, साखर वाटेन.

तुम्हाला नको असलेली,
विहीण

१ मार्च

विहीणबाई,

तुमचं कार्ड पोचलं. "छत्रीला हात लावू नका." बस्स, एवढंच! तिकिटावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. तरी मी ते फ्रिजवर चिकटवलंय, कारण तुमच्या लेकीनं ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

आता माझी फजिती ऐका. थांबा-ताई मला म्हणाली, "आजी, याला तहान लागते तेव्हा हा काय करतो?" मी म्हटलं, तहान लागतच नाही, मी आधीच पाणी देते. "भूक?" तीही लागू देत नाही. "बूट?" मी घालते. ती गोड हसून म्हणाली, "मग त्यानं बोलायचं कशाला? तुम्ही तर तो बोलायच्या आधीच ऐकता." मला आधी कौतुकच वाटलं. घरी येईपर्यंत कळलं की कौतुक नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात सगळ्या वस्तू दिसतात, पण मिळत नाहीत. बिस्किटं पारदर्शक डब्यात, डब्याचं झाकण असं की माझंही निघत नाही. केळं अख्खं द्यायचं नाही, एक तुकडा द्यायचा आणि बाकीचं हातात धरून गप्प बसायचं. विहीणबाई, नातवासमोर केळं धरून गप्प बसणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण परवा तो आधी केळ्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "के." नुसतं "के." मी ताईनं शिकवल्यासारखं लगेच तुकडा दिला आणि म्हटलं, "केळं. घे केळं." मोठं भाषण नाही, टाळ्या नाहीत. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले. गुडघा अजून बोलतोय.

आणि आपली घरातली बस परत सुरू केली. ताईनं विचारलं, घरी त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं? मी म्हटलं, बेल. तुम्हाला तर माहीतच आहे, मी निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्यांनी दिलेली ती जुनी पितळी बेल, खिडकीच्या गजाला बांधलेली, खाली दोरी. जेवणाच्या चार खुर्च्या एकामागे एक, माझ्या हातात पंच, कागदाच्या तिकिटांना टिक-टिक भोकं. ड्रायव्हर म्हणून पुढे उशी. ताई म्हणाली, छानच, यातच त्याला बोलायला जागा ठेवा. म्हणून मी ठरवलंय की साहेबांनी "चला" म्हटल्याशिवाय बस सोडायची नाही. "च" म्हटलं तरी सोडीन.

पण एक अडचण आहे. मी त्याला धंद्यातला पहिला धडा दिलाय, सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. तर हा दोरी एकदाच ओढतो. टण्‌. आणि बसून राहतो. मी म्हणते, "अजून एकदा, राजा, डबल!" ढिम्म. मी त्याचा हात धरून दुसरी बेल दिली की तो खुर्चीवरून घसरून खाली, आणि खेळ संपला. असू दे. शिकेल.

चौथी खुर्ची रिकामीच असते. खोटं कशाला बोलू, ती बोळातून छत्री नाचवत "थांबवा हो थांबवा, मी राहिले!" करत धावत येणारी उशिराची पॅसेंजर, म्हणजे तुम्ही, नसल्यामुळे बस बरीच शांत चालते. म्हणजे चालली असती, सुटली असती तर.

विहीण

२० मार्च

विहीणबाई,

आधी बसून घ्या. साहेब बोलले. अख्खं वाक्य बोलले!

काल दूध गरम करायला ठेवलं होतं. त्याला दम निघत नव्हता, कपाकडे बघून हात झाडत होता. मी म्हटलं, "तापतंय." तर हा गॅसकडे तोंड करून, एकदम शुद्ध, स्वच्छ आवाजात म्हणतो, "कृपया प्रतीक्षा करा." माझ्या हातून साखरेचा डबा पडला! फोनच्या तक्रारीसाठी मी हप्ताभर त्या कंपनीला फोन लावत होते ना, तो स्पीकरवर असायचा. त्यातली ती बाई. तिचा तोच सूर, "प्रतीक्षा"वर तोच उगाच काढलेला लाडिक हेल.

रात्री जेवताना चिरंजीवांनी भाजी परत मागितली, मी म्हटलं आणते, आणि साहेब तिकडून, "कृपया प्रतीक्षा करा." तुमची लेक ठसका लागेपर्यंत हसली. चिरंजीव म्हणाले, "आई, पन्नास वर्षांत तुला हे कोणी सांगायला हवं होतं."

मला वाटलं ही पोपटपंची. ताईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, नाही आजी. काही मुलं एकेक शब्द वेचत नाहीत, अख्खं वाक्य उचलतात, सुरासकट. नंतर त्याचे तुकडे करतात, आणि मग तुकडे जोडून स्वतःचं वाक्य. "तो असं काही बोलला की ते त्यानं कुठं ऐकलं आणि तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. त्याचा अर्थ तिथं असतो." मी आठवलं. फोनवर ती बाई बोलायची तेव्हा मी हात झाडत, पाय आपटत बसलेली असायची. म्हणजे काय, पोरानं बरोबर जागी बरोबर वाक्य ठेवलं होतं की!

आनंद पोटात मावत नाही. पण तुमच्यापाशी खरं सांगते, जरा चुटपूटही लागली. तीन वर्षं कानाशी बडबडतेय मी, आणि त्यानं उचललं कोणाचं, तर त्या मशीनमधल्या बाईचं.

बस मात्र आहे तिथंच उभी. सिंगल बेल दिली की बसून राहणं. वर एक नवीनच खूळ. खेळ सुरू झाला की तो दारामागची तुमची छत्री ओढत आणतो आणि बोळाच्या तोंडाशी जमिनीवर ठेवतो. मी उचलून जागेवर टांगते, तो परत आणतो. तुम्ही कार्डावर लिहिलंत हात लावू नका, पण साहेबांना अजून वाचता येत नाही.

तुम्ही ठीक आहात ना? सहज विचारलं.

विहीण

२ एप्रिल

विहीणबाई,

अक्षर समजून घ्या, घाईघाईनं लिहितेय.

काल थांबा-ताई घरी आली होती. मुलं घरात कशी बोलतात ते बघायला ती अधूनमधून येते. मी मोठ्या तोऱ्यात खुर्च्या मांडल्या, तिला तिसऱ्या खुर्चीवर बसवलं, तिकीट फाडलं. साहेबांनी छत्री आणून बोळाशी ठेवली, येऊन दोरी ओढली. टण्‌. आणि बसला. मी म्हटलं, "बघा ताई, हे असं. महिनाभर शिकवतेय, डबल बेल काही जमत नाही."

ताई म्हणाली, "आजी, सिंगल बेल म्हणजे काय हो?"

"थांबा."

"मग तो तेच तर म्हणतोय."

विहीणबाई, मी पंच हातात धरून तशीच उभी राहिले. अहो, ज्या बाईनं गर्दीत, अंधारात, चालू बसमध्ये सिंगल बेल ऐकून कधी चूक केली नाही, तिला स्वतःच्या घरातली सिंगल बेल महिनाभर ऐकू आली नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरगं रोज जीव तोडून सांगतंय, थांबवा, थांबवा, आणि मी रोज त्याचा हात धरून बस सोडतेय. सगळं लक्ष माझं त्या "चला"वर.

ताई हळूच म्हणाली, "थांबून तर बघा." मी खाली बसले. पंच बाजूला ठेवला. काही म्हणजे काही बोलले नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बस खरंच थांबलीय का ते तपासल्यासारखं. मग बोळाकडे पाहिलं. छत्रीकडे पाहिलं. परत माझ्याकडे. आणि मग बेंबीच्या देठापासून,

"थांबवा हो थांबवा, मी राहिले!"

तुमचा आवाज! तोच मैदानावरचा, तो "हो" तसाच लांबवलेला. तुमची लेक आतून केस ओले, टॉवेल हातात, धावत आली, "आई आली? कधी आली?" आणि दारात बघते तर कोणी नाही, खुर्चीवर हा एवढासा. ती तिथंच जमिनीवर बसली. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता येणार नाही. साहेबांनी परत बोळाकडे बोट केलं. बोट, विहीणबाई! यानं आजवर कधी कशाकडे बोट दाखवलं नव्हतं, हव्या त्या वस्तूवर आमचाच हात नेऊन ठेवायचा.

मी ताईकडे पाहिलं, आता काय म्हणू? ती म्हणाली, "त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळलंय. तेवढंच म्हणा, छोटं." मग मी म्हटलं, "आजी राहिली. आजीला बोलवू."

त्यानं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाला, "आजी बोलवू."

हे कुठल्या मशीनमधल्या बाईचं नाही, तुमचंही नाही. माझ्या वाक्याचा तुकडा मोडून त्यानं स्वतःचा केला, माझ्यासमोर, माझ्याकडे बघून. मला हवं होतं ना त्यानं मला काहीतरी सांगावं? सांगितलं. आणि काय सांगितलं, तर तुम्हाला बोलवा म्हणून! थोडी जळले मी, लपवत नाही. केळी मी धरून बसायची, गुडघे मी झिजवायचे, आणि साहेबांना हवी कोण, तर उशिराची पॅसेंजर. पण ते जळणं चहा होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही, कारण खरं म्हणजे मलाही त्या चौथ्या खुर्चीकडे बघवत नाही. घर फार शांत झालंय हो. मला शांत घराची सवय नाही.

तेव्हा या. डॉक्टर बरोबर की तुम्ही, हे आपण नंतर निवांत भांडून ठरवू. तो ऑटिस्टिक आहे, उद्याही असणार आहे, मिक्सर लागला की कान झाकणार आहे आणि गाडीचं चाक अर्धा अर्धा तास फिरवणार आहे. आणि त्याला त्याची आजी हवी आहे. एवढी दोन्ही वाक्यं तुम्हाला मान्य असली तर पुढच्या गाडीनं निघा. दुसरंच मान्य असलं तरी निघा.

बस उभी आहे. तुमच्यासाठी उभी आहे.

तुमची,
विहीण

१४ एप्रिल, दुपार

विहीणबाई,

तुम्ही आत झोपल्या आहात आणि घोरताय. कवायतीच्या बाई घोरतातही तालात, हे नव्यानं कळलं. समोरासमोर असताना पत्र कशाला, असं म्हणाल. एक तर सवय झाली. दुसरं म्हणजे, सकाळी जे झालं त्यातलं अर्धं तुम्ही पाहिलंच नाही, डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होतात. म्हणून लिहून ठेवते. उठलात की वाचा.

दार उघडलं आणि तुम्ही बोळात पिशवी घेऊन उभ्या. खुर्च्या मांडलेल्या, साहेब दोरीशी. त्यानं तुम्हाला पाहिलं आणि टण्‌, सिंगल बेल दिली. आता तुम्ही ओरडणार म्हणून आम्ही सगळे कान टवकारून बसलो, आणि तुमच्या तोंडून शब्दच फुटेना! ज्या बाईच्या आवाजानं पाचशे पोरं एका वेळी डावीकडे वळायची, तिचा आवाज बसला. नुसते ओठ हलतायत.

तुमच्या वतीनं मीच ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण मिटलं. थांबले. मला आता येतं ते.

आणि विहीणबाई, तोही थांबला. हे तुम्ही पाहिलं नाहीत. तो दोरी सोडून पुढे आला, जमिनीवरची छत्री उचलली, तुमच्या हातात दिली आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. घाई नाही, ओढाओढ नाही. ताई फुग्यांची बाटली धरून थांबते ना, अगदी तसा. तुम्हाला वेळ देत होता पोरगा. शेवटी तुमच्या घशातून कसंबसं आलं, "थांबवा हो..." एवढंच, आणि पुढचं त्यानं तुमच्यासाठी म्हटलं, "मी राहिले!"

मग तुम्ही चौथ्या खुर्चीवर येऊन कोसळलात आणि रुमालात तोंड घातलंत. तो दोरीपाशी गेला. मागे वळून खुर्च्या बघितल्या, एक एक. आई, बाबा, मी, तुम्ही. सगळे बसलेत याची खात्री केली, चेकरच तो. आणि दोरी ओढली. टण्‌ टण्‌.

कोणीही हात धरला नव्हता.

मी जागची हललेच नाही. डबल बेल पडून बस सुटली नाही, असं माझ्या सबंध नोकरीत कधी झालं नव्हतं. साहेबांनी वाट पाहिली. मग माझ्यापाशी आले, माझ्या मांडीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजी, चला."

ही "आजी" म्हणजे मी. तुम्ही उठल्यावर म्हणाल, तो मला म्हणाला. नाही. मी होते तिथं. यावरून भांडायचं असेल तर मी तयार आहे, संध्याकाळ मोकळीच आहे.

चहा टाकते आता, उठा. साहेब बोळाशी चकरा मारतायत, मी त्यांना "कृपया प्रतीक्षा करा" म्हणून थोपवून धरलंय. आणि तुमची छत्री परत दाराच्या मागे टांगलीय. जाताना आठवणीनं विसरा.

विहीण